दोन घरी ठेवलेला आवाज

ताई पोटापाण्यासाठी टायपिंगची कामं घ्यायच्या, पण जीव रमायचा तो दुसरीकडे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी त्या पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या. स्टुडिओ कुठला, कपड्यांचं कपाट! आत स्टूल टाकायचं, दोन्ही बाजूंना कोट नि रजया लटकवायच्या आणि वाचायला बसायचं. नवऱ्याला शर्ट हवा असला, तर प्रकरण संपेपर्यंत त्याने बनियनवरच थांबायचं. "आमच्याकडे इस्त्रीचे कपडेही कादंबऱ्या ऐकतात," असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि मान हलवली. "डिस्क गेली, ताई. बॅकअप असेलच ना?"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बॅकअप घ्यायचा, घ्यायचा म्हणत त्यांनी आजचं उद्यावर ढकललं होतं. इतक्या वर्षांचं वाचन एका फटक्यात गेलं. पुढे काही दिवस कपाटातून नुसते कपडेच निघत राहिले.

मग ऑपरेटरचा फोन आला. तो एका इस्पितळात टेलिफोन बोर्डावर बसायचा. ऐन तिशीत त्याची दृष्टी गेली होती. ताईंचा हा सगळ्यात जुना श्रोता. दर महिन्याला पेनड्राइव्ह घेऊन यायचा आणि नवीन वाचन भरून न्यायचा.

"ताई, पुढचं प्रकरण कधी?"

ताईंना रडूच कोसळलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, रडताय काय? माझ्याकडे आहे की सगळं!"

"सगळं म्हणजे?"

"पहिल्या पुस्तकापासून. मी एकही फाइल पुसलेली नाही. पण आधी तुमच्यासाठी बाहेरून जोडायची चांगली डिस्क घेऊ. उद्या ड्युटी संपली की येतो."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने सर्वांत महागडी, चपटी, चकचकीत डिस्क पुढे केली. "ही एसएसडी. वेगाला तोड नाही, पडली तरी सहसा काही होत नाही."

ताईंनी किंमत पाहिली आणि डिस्क हळूच काउंटरवर ठेवली.

"वेग कशाला हवाय?" ऑपरेटर म्हणाला. "आवाजाच्याच फाइली आहेत. ताई चहा पिईपर्यंत कॉपी होतील. साधी हार्ड डिस्क दाखवा. वेगळा प्लग लागणारी नको, नुसत्या केबलवर चालणारी."

"मग ही मोठी घ्या. तीन वर्षांची वॉरंटी आहे."

"वॉरंटीत डबा नवा मिळतो हो," ताई एकदम म्हणाल्या, "आतलं कोण देणार?"

दुकानदार हसला. माणूस भला होता. "खरंय. मग या एका मोठीच्या ऐवजी दोन लहान घ्या. दोन्हींवर तेच भरा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. सुरुवातीलाच गच्च भरून तपासा. डिस्क खराब निघाली तर बिल घेऊन या, मी बदलून देतो."

दोन्ही मिळून महागडीच्या निम्म्याच किमतीत आल्या.

घरी आल्यावर ऑपरेटरने पिशवीतून आपली डिस्क काढली आणि दुरुस्त होऊन आलेल्या लॅपटॉपला जोडली. कॉपी सुरू झाली आणि ताईंना यादीत त्यांच्या पहिल्याच पुस्तकाची दोन वाचनं दिसली. पहिलं इतकं अडखळत केलेलं होतं की त्यांनी ते टाकून नव्याने वाचलं होतं.

"हे कशाला ठेवलंत? किती घाबरले होते मी!"

"म्हणूनच ठेवलं," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या हातात काठी नवीन होती. जिना उतरायची भीती वाटायची. तुम्ही अडखळायचात, थांबायचात, परत पहिल्यापासून वाक्य म्हणायचात. मला वाटायचं, या बाईंना जमतंय, तर आपल्यालाही जमेल. अजूनही कधी धीर सुटला की तेच लावतो."

आजवर ताईंना वाटत होतं की आपण याला काही देतोय.

आता एक डिस्क त्यांच्या घरी असते आणि दुसरी जावेकडे. रविवारी जाऊबाई डिस्क घेऊन येतात, नवीन वाचन भरून होईपर्यंत गप्पा मारतात आणि परत नेतात. जावांचं येणंजाणं यानिमित्ताने वाढलं, हा वरचा लाभ. तिसरी प्रत ऑपरेटरकडे असतेच. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला ताई आता ऐकणाऱ्यांचे आभार मानतात आणि मगच पहिलं पान उघडतात.