अवधाण म्हणून शेकलेली गाठ

"प्लेग," डॉक्टर म्हणाली. "हो, तोच. इतिहासातला."

निवृत्तीनंतर मी मध्ययुगावरची पुस्तकं हौसेनं वाचली होती. तो रोग माझ्या बायकोला होईल, असं एकातही लिहिलेलं नव्हतं.

सुलभा आयसीयूत होती. न्यू मेक्सिकोत तिच्या मैत्रिणीकडे राहून आम्ही नुकतेच न्यू जर्सीत, एडिसनला परतलो होतो. तिकडे बिळांत राहणाऱ्या खारींच्या पिसवांवर हा रोग अजून तग धरून आहे. मैत्रिणीची मांजर सुलभाच्या पायाशी झोपायची.

घरी आल्यावर ताप चढला, जांघेत गाठ आली. नव्या बुटांनी टाच सोलली होतीच. "अवधाण आलंय हो," सुलभा म्हणाली. पायाच्या जखमेमुळे येणारी ही गाठ आपल्याकडे डॉक्टरला कोण दाखवतं? मी मिठाची पुरचुंडी तापवून शेकत राहिलो. मुलगी मीरा फोनवर ओरडली, "बाबा, हॉस्पिटल! राइट नाऊ!" सुलभा हसली. "हिला अवधाण म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

ब्यूबॉनिक म्हणजे गाठीचा प्लेग. वेळेत ओळखला तर अँटिबायोटिक्सनं बहुधा बरा होतो. सुलभाचा सेप्टिसेमिक झाला होता, म्हणजे रक्तात उतरलेला. "औषध लागू पडतंय," डॉक्टर म्हणाली, "पण उशीर झालाय. किडन्या बंद पडल्यात."

वेटिंग रूम संगमरवरी, भिंतीवर देणगीदारांची नावं सोनेरी अक्षरांत. तिथे बसून वाचलेलं आठवत राहिलं. चौदाव्या शतकात काळ्या समुद्रावरून व्यापारी जहाजांनी प्लेग इटलीत आणला. जे घाबरून पळाले, त्यांनी तो पुढच्या गावी पोचवला. धर्मगुरूंनी सोन्याचे क्रूस मिरवत गर्दी जमवली. रोगाची सोय झाली. आम्ही त्याला विमानानं आणलं, खिडकीची सीट देऊन.

आमच्या मंडळानं झूमवर सामूहिक जप ठेवला. झूमवर पिसवा येत नाहीत, एवढी प्रगती आहे.

सुलभा गेली.

ताप आणि गाठ एकदम आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुठे फिरून आलात, ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.

आभार एका नर्सचे. औषधानं संसर्गाचा धोका टळल्यावर तिनं मला सुलभाच्या पलंगाशी खुर्ची ओढून दिली. म्हणाली, "आता ग्लव्ह्ज काढलेत तरी चालेल." त्या शतकात कित्येक नवऱ्यांनी बायकोच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं होतं. मला शेवटपर्यंत सुलभाचा हात उघड्या हातानं धरता आला.