भेटायचा मीट की खायचा?

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवू लागले, तेव्हा जेमतेम विशीत होते. इंग्रजी मला यजमानांनी शिकवलेलं. मुलींनाही थोडं इंग्रजी यावं, असं शाळेच्या कमिटीनंच ठरवलं होतं.

सारख्या उच्चारांच्या शब्दांना मुली फार वैतागत. मी म्हटलं, "आपल्याकडे नाही का? नाव म्हणजे आपलं नाव, आणि खाडीतली नावही. इंग्रजीत निदान लिहिताना तरी फरक कळतो." मग फळ्यावर दोन्ही 'मीट' लिहिले. "भेटायला दोघं लागतात, म्हणून या मीटमध्ये दोन ई. आणि हा दुसरा बघा, याच्या पोटात 'ईट' आहे, ईट म्हणजे खाणं. हा खायचा मीट. मांस."

वर्गात खसखस पिकली. पण शब्द पक्के बसले.

त्यांतली एक आठ वर्षांची, भिक्षुकाची नात. दुपारी आजोबा जेवायला बसले असताना तिनं तो धडा घडाघडा म्हणून दाखवला. आजोबा भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्याच दिवशी कमिटीतले वकील शाळेत हजर. "बाई, तो शब्द काढून टाका."

"शब्द माझा नाही, भाषेचा आहे. एक काढला तर दुसरा कसा लिहायचा ते कळायचं नाही."

"मुलींना काय येतं ते मीच बघतो," म्हणत त्यांनी नेमकं त्याच मुलीला उभं केलं. "पाटीवर लिही. मीट."

ती पेन्सिल धरून थांबली. "कुठला? भेटायचा की खायचा?"

"जो चांगला आहे तो!"

"पण दोन्ही चांगलेच आहेत ना," ती म्हणाली.

"बघा, उलट बोलायला शिकवलंत!" ते माझ्यावर कडाडले. मी म्हटलं, "ती उलट बोलली नाही. विचारायला हवा तोच प्रश्न तिनं विचारलाय. आधी तिला उत्तर द्या."

ते तरातरा निघून गेले. आठवडाभरात कमिटीनं इंग्रजी बंद केलं आणि त्या जागी शिवणकाम ठेवलं. मला बोलावून घेऊन वकील म्हणाले, माफी मागितलीत तर वर्ग पुन्हा सुरू करू. मी म्हटलं, "चूक झाली असती तर मागितली असती."

शाळेत मी शिवण शिकवत राहिले. इंग्रजीचा वर्ग मात्र रविवारी आमच्या ओटीवर भरू लागला. यजमान म्हणाले, "लोक बोलतील." सासूबाई आतून म्हणाल्या, "बोलू देत. सतरंजी मोठी घाल."

भिक्षुकाच्या नातीला तिच्या घरच्यांनी कधीच पाठवलं नाही. त्याचं दुःख मला अजून आहे. बाकीच्या एकेक करून येत गेल्या. पहिल्याच रविवारी मी 'सन' घेतला, आकाशातला सूर्य आणि घरातला मुलगा. एकीनं विचारलं, "बाई, मुलीसाठी असा दुसरा शब्द नाही?"

"नाही," मी म्हटलं. "डॉटर एकच. नीट लिही."