शेजारच्या सीटवरची बाई

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला शिकाऊ मंडळी माघारी 'बर्फाची लादी' म्हणत. कुणी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबो, कुणी भर चौकात स्टिअरिंग सोडून डोळे मिटून घेवो, हिच्या कपाळावर आठी नाही. आपल्या बाजूचा जादा ब्रेक अलगद दाबायची आणि म्हणायची, "काही झालेलं नाही. पहिला गिअर टाका."

घरी मात्र हीच बाई एका द्राक्षाचे चार तुकडे करून लेकीला भरवायची. लेक तीन वर्षांची, धडधाकट, खोडकर. ती झोपली की हिचं बोट तिच्या नाकाशी. श्वास जाणवला की बोट मागे, हिनं पाठ वळवली की पुन्हा पुढे. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधून झाला होता.

"अगं, मी चार पोरं वाढवली," सासूबाई म्हणत, "एकाचंही नाक तपासलं नाही."

'म्हणूनच तुमच्या मुलाचा पुढचा दात अर्धा आहे,' हे तिच्या ओठांवर यायचं आणि तिथेच थांबायचं.

एका सकाळी गाडी एक निवृत्त मास्तर चालवत होते. जन्मभर गणित शिकवलेलं, पण गाडी उलटी घ्यायची म्हटलं की घामाघूम. परीक्षेत सारखे नापास. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका हं, पण..." आणि फोन कटला.

'घाबरू नका' हे ती स्वतः दिवसभर लोकांना सांगायची. ऐकणाऱ्याला त्यानं काय होतं, ते तिला आज कळलं. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, समोरचा रस्ता लांब लांब जायला लागला.

"मास्तर," ती म्हणाली, "गाडी बाजूला घ्या. मी बहुतेक मरतेय."

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली नाही, थेट दवाखान्याकडे नेली. आरसा बघून, इंडिकेटर देऊन. दारात दोन गाड्यांच्या मधे गाडी एका झटक्यात उलटी लावली.

"कशी लागली?" त्यांनी विचारलं.

"मागचं चाक जरा बाहेर आहे," ती धापा टाकत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला. "हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा झटका होता."

ती जरा खट्टूच झाली. मरणाच्या दारात जाऊन यायचं, आणि निघालं काय, तर भीती. मास्तरांनी पाळणाघराला फोन लावून दिला. लेकीनं टोपी संडासात टाकली होती, दुसरी हवी होती. एवढंच.

"शेवटची सलग झोप कधी लागली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

मग तिला समुपदेशकाकडे पाठवलं. समोर बसली एक कोवळी मुलगी. 'ही मला आईपण शिकवणार,' असं वाटून ती मनात हसली. मुलीनं सांगितलं, काळजीला रोज संध्याकाळी थोडा वेळ द्या. इतर वेळी आली, तर 'संध्याकाळी ये' म्हणून परत पाठवा.

शिकवणीच्या वेळा काटेकोर पाळणाऱ्या बाईला हे जमलं. ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात काळजी करायला बसू लागली. सुरुवातीला वेळ पुरायचा नाही. पुढे पुढे कधी कधी उद्याच्या भाजीपलीकडे काही सुचेना.

"काय चाललंय?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"काळजी करतेय."

सासूबाईंनी स्टूल ओढलं. "मग मीही बसते. चौघांची साठलीय माझी."

"तुम्ही तर नाकं तपासली नव्हती."

"तपासली गं. सगळं सुनेला सांगायचं असतं होय?"

झटका पुन्हा आलाच नाही, असं नाही. दोनदा आला, आणि तिला न मारता गेला. बोट अजून नाकाशी जातं, पण झोपही लागते.

परवा पाळणाघराची सहल निघाली. तिनं लेकीला बसमध्ये बसवलं, बसभोवती एक चक्कर मारली आणि चालकाला म्हणाली, "मागच्या टायरात हवा कमी आहे."

"ताई, उगाच घाबरता तुम्ही," तो म्हणाला आणि खाली उतरला. हवा खरोखरच कमी होती. कुरकुरत त्यानं ती भरली.

बस निघाली. ती वळणापर्यंत हात हलवत राहिली. लेकीचं लक्षच नव्हतं. खिडकीजवळच्या जागेवरून तिचं शेजारणीशी भांडण जुंपलं होतं.