पावसाळा न पाहिलेला डबा

खर्डी स्टेशनच्या मागे एक म्हातारा सुतार बसायचा. मुंबईच्या फर्निचरवाल्यांकडून परदेशी लाकडाचे उरलेले तुकडे आणायचा आणि त्यांचे दागिन्यांचे नक्षीदार डबे करायचा. रंग बघायला तुकड्याला थुंकी लावायचा. मला किळस यायची.

नातीच्या लग्नात द्यायला मी जांभळ्या लाकडाचा डबा सांगितला. वैशाखात तो तयार झाला, पण हा देईना.

"वैनी, यानं पावसाळा बघितला नाय अजून. झाकण फुगंल."

"मग लग्न दिवाळीला ढकलू काय?"

"ढकला की."

मी डबा त्याच्या हातातून ओढून आणला.

आषाढात मुरबाडहून नातीचा निरोप आला. झाकण निघत नव्हतं, नथ आत अडकली होती आणि सासू कोयत्याने डबा फोडायला निघाली होती. मी सुताराला सांगितलं. त्याने पिशवीत रंधा घातला आणि दुखरा गुडघा ओढत एसटीला गेला.

नात नंतर सांगत होती, त्याने डबा चुलीपासून लांब धरून हळूहळू शेकला, झाकण काढलं, कडा तासली आणि दहादा उघडझाप करून पाहिली. चहासुद्धा घेतला नाही.

तो परत आल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं. मी ओढायला नको होता."

"ओढलात तुमी," तो खाली बसत म्हणाला, "पण सोडला मी ना."