बारा माणसांचा कमळू

म्हसा गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात उंबरवाडी आहे. घरं तेवीस. त्यातल्या कमळूला सरकारी कागदात एक माणूस म्हणूनसुद्धा कधी धड बसता आलं नाही. शाळेत मास्तरांनी अख्ख्या वाडीचा जन्म एक जूनला उरकला, त्यात कमळूही जन्मला. मतदारयादीत तो बाई झाला. आधार कार्डावर नाव बरोबर आलं, पण फोटो असा, की त्याच्या बैलानंही ओळखू नये. अशा कमळूला गेल्या डिसेंबरात एकदम बारा माणसांचा दर्जा मिळाला.

त्याचं झालं असं. भात कापून शेतं मोकळी झाली होती आणि म्हशाच्या जत्रेला अजून अवकाश होता. तेवढ्यात शहरातल्या एका कॉलेजची जीप वर आली. आत मोठे सर, आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी वाशिंदची मनाली. स्टेशनात, मैदानात, जिथं माणसाला माणूस घासतं तिथं वायफाय का गुदमरतं, त्याचे डबे किती लावावेत, किती अंतरावर लावावेत, हा त्यांचा अभ्यास. आता गर्दीच्या अभ्यासाला तेवीस घरांची वाडी कशाला? तर सर म्हणाले, "इथली हवा एकदम कोरी आहे. दुसरा एकही सिग्नल मध्ये येत नाही."

हे मात्र खरं. टॉवर मागून मागून वाडीचे अर्ज पिवळे पडले होते. आपल्या दळभद्रीपणाला कोरी हवा म्हणतात, हे वाडीला त्या दिवशी कळलं.

कमळूच्या भातखाचरात चाळीस खांब उभे राहिले, खांबागणिक एक डबा. वीस गडी रोजावर घेतले. प्रत्येकाला बारा खिशांची बंडी, खिशाखिशात फोन. ती घालून पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून चालायचं. शीटवर कमळू म्हणजे 'युजर ८५ ते ९६'. मनाली ओरडायची, "दादा, आता तुम्ही स्टेशनात गाडीची वाट बघताय!" की कमळू बारा जणांच्या वतीनं कंटाळायचा. "आता मॅच सुटली!" की वीस गडी दोनशे चाळीस माणसांसारखे बांधाकडं सुटायचे.

कमळूची छाती दमदार, म्हणून शिट्टी त्याच्या गळ्यात. एक लांब शिट्टी, की सगळे फोन चालू. दोन तुटक, की स्क्रीनवरच्या विमानाच्या चित्रावर बोट आणि सगळे बंद. सरांनीही आपला फोन तसाच बंद करायचा; पहिल्या आठवड्यात ते दोनदा चुकले. मग त्यांचंही बोट शिट्टीला सवकलं.

संध्याकाळी बायको, ठकी, दारातच विचारायची, "बारा जण आलाव ना रं? मंग लाकडं एकाचीच कशी?"

ठकीचं डोकं वेगळ्याच गोष्टीनं उठलं होतं. रेशनकार्डावरच्या प्रत्येकानं एकतीस तारखेच्या आत मशीनवर अंगठा द्यायचा, नाय दिला तर नाव कट, तांदूळ बंद. मागच्या खेपेला मशीन वर आलं तेव्हा ठकी, भिमी आणि आणखी तिघी आटगावच्या बाजूला कापणीला गेलेल्या. त्या पाचजणीच अंगठ्याच्या राहिल्या होत्या. रेशनवाला मुकेश मशीन घेऊन यायचा तो थेट वरच्या कातळावर, कारण अख्ख्या वाडीत नेटवर्कची एक दांडी मिळाली तर तिथंच.

एकतीसला मुकेश आला, आणि खाचरातले चाळीस डबे बघून हरखला. "आता कशाला चढू कातळ?" त्यानं मशीन जोडलं. दांड्या काठोकाठ भरल्या. ठकीनं अंगठा ठेवला. मशीनवरचं गोल फिरत राहिलं, फिरतच राहिलं.

मनाली ओशाळली. "मुकेशदादा, हे नेट बाहेर जात नाही. ह्या डब्यातून त्या डब्यात, एवढंच."

"म्हंजे पंगतीत वाढप्यांनी एकमेकालाच वाढायचं?"

"संशोधनाला तेवढं पुरतं, दादा."

ठकी म्हणाली, "माझा तांदूळ कट झाला का मंग मलाबी ह्या डब्यातून त्या डब्यात फिरवा."

वरात निघाली कातळावर. तर तिथं सर आधीच ठाण मांडून! मांडीवर लॅपटॉप, त्याला मोबाइल जोडलेला. गर्दीतल्या नेटवर्कचा अहवाल पाचच्या आत दिल्लीला जायचा होता, आणि चाळीस डब्यांतला एकही तो नेणार नव्हता. मागून कामावरून सुटलेले गडी आले. प्रत्येकानं आपापला मोबाइल वर धरला. कुणाला मेसेज, कुणाला गेल्या जत्रेतल्या बैलांचे व्हिडिओ. दांडी एक, तोंडं बावीस. ठकीचा अंगठा तीनदा परत आला.

मुकेश म्हणाला, "साडेचार झाले. आज नाय तर नाय गो."

कमळू महिनाभर खांबाखाली एक बघत आला होता. बाराही फोन एकदम बोलायला लागले की बाराही रांगतात. अकरा निजवले की उरलेला धावतो. तो सरांजवळ गेला. "सर, जरा बंद करा ना. ठकीचं होऊ द्या."

"कमळू, त्र्याण्णव टक्के गेलंय. देशाच्या कामाचा अहवाल आहे."

"तिचा तांदूळबी देशातच शिजतो, सर."

सर हसले. बोट काही हललं नाही.

कमळूनं शिट्टी तोंडात घातली आणि दोन तुटक फुंकल्या. वीस बोटं विमानावर गेली. महिन्याच्या सवयीनं एकविसावं सरांचं.

"अरे! माझं पहिल्यापासून करावं लागणार!"

तोवर मशीननं टुंग केलं. मुकेश ओरडला, "जुळला गो ठकीबाय! खा आता!"

सर घाईनं म्हणाले, "चल, आता माझं."

"भिमी हाय अजून. तिच्या मागं तिघी. तुमी पाचवं."

"अरे, पण पाच वाजता..."

"सर, युजरनं पाळी येईस्तवर थांबायचं. तुमच्याच शीटवर हाय."

सर रांगेत शेवटी उभे राहिले. भिमीला अंगठा पुसायचा होता, म्हणून तिनं डोक्यावरची मोळी त्यांच्या हातात दिली. ती धरून त्यांनी चार अंगठे मोजले. पाचाला सात मिनिटं असताना कमळूनं त्यांच्यासाठीही शिट्टी वाजवली. कातळावरचे बाकीचे सगळे फोन गप्प झाले, आणि अहवाल दोन मिनिटांत दिल्लीला पोचला.

सरांनी मोळी खाली टाकली, खिशातली वही काढली आणि 'एका वेळी एकच' असं लिहिलं. मग त्यांनी ते खोडलं. आत्ताच गेलेल्या अहवालात त्यांनी आणखी साठ डबे मागितले होते.