वहिनीची स्लाइड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — वहिनीजवळ तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. सुरतेत एका खाजगी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. शरीरातून काढलेल्या गाठीचा पातळ काप स्लाइडवर घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी घालायची. ठरावीक प्रोटीन असेल तर ती तिथे चिकटते, आणि रंग दिल्यावर काप तपकिरी दिसतो. स्तनाच्या कॅन्सरची गाठ अशी तपकिरी निघाली की, तो परतू नये म्हणून डॉक्टर गोळ्या सुरू करत. अँटिबॉडी मुंबईहून बर्फात यायची. महागडी, एवढीशी कुपी.

वहिनीने मला धुळ्याहून सुरतेला आणलं, साड्यांना फॉल लावून शिकवलं. तिच्याच छातीत गाठ निघाली. ऑपरेशनला जाताना माझा हात धरून म्हणाली, "तू शे ना तठे, मंग माले कसानं भेव?" तू आहेस ना तिथे, मग मला कसली भीती.

तिची गाठ लॅबमध्ये आली तेव्हा कुपीत एकाच तपासणीपुरतं उरलं होतं. आणि ते — कसं सांगू — कोसाडच्या एका बाईसाठी होतं. तिचा नंबर आधीचा. नवी कुपी कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी वहिनीची स्लाइड केली.

मायक्रोस्कोपखाली तपकिरी ठिपके दिसले आणि मी हसले. एकटीच, खुशीत. त्या क्षणी ती दुसरी बाई आठवली का? नाही आठवली.

सरांना सांगितलं, दोघींपुरतं होतं, पण वहिनीचं झालं आणि कुपी हातातून पडली. सर म्हणाले, "कंई वांधो नहि, बेटा. हाथे तो नथी वाग्युं ने?" हाताला लागलं नाही ना — एवढंच विचारलं त्यांनी.

त्या बाईचा नवरा नांदेडकडचा. लूमवरून तसाच यायचा, केसांत धाग्यांचे तंतू. मराठी बोलणारी म्हणून मलाच गाठायचा. "आला का वो ताई रिपोर्ट?"

"अजून नाही, दादा."

किती वेळा म्हणाले असेन मी हे?

शेवटी कुपी आली. पहिली त्या बाईचीच स्लाइड केली. तीही तपकिरी. म्हणजे गोळ्या तिलाही लागू होत्या — तेव्हाच, वहिनीच्या आधी. रिपोर्ट घेताना त्याने हात जोडले. "तुम्ही होत्या म्हणून झालं, ताई."

मी म्हणाले, "असू द्या."

वहिनी आहे अजून. जेवले नाही तर फोनवर रागावते, आणि मला ते फार आवडतं.

त्या बाईचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. कोसाड काही लांब नव्हतं.