अकरा वाजता माघारी

कणकुंबीला आमच्या घरी भात आठ महिने पुरायचा. उरलेले चार महिने आप्पा दुसऱ्याच्या रानात राबायचे. काही ठरवायची वेळ आली की देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय. मला खानापूरच्या हायस्कूलला घालायचं की नाही, यासाठी तीनदा कौल लावला. पाकळी पडेना. वर्ष तसंच गेलं. देवाची चूक नव्हती. ठरवायला आम्हीच भीत होतो.

बेळगावच्या कॅम्पात फौजेत भरती झालो. बी.ए. नोकरीत असतानाच केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे छाती काढून सांगतो. पण ठरवायला शिकवलं निपाणीच्या हवालदार चौगुल्यांनी.

पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्याआधी, पोटात गरम चहा असताना, प्रत्येकानं तळहातावर बॉलपेननं माघारी फिरायची वेळ लिहायची, ही त्यांची रीत. "वर गेल्यावर डोकं चालत न्हाय रं, हट्ट चालतोय. म्हणून खालीच ठरवायचं."

उत्तरेकडची बर्फातली पोस्टिंग. त्या दिवशी हवालदार धरून आम्ही सहा जण ०६३० ला निघालो. वरच्या पोस्टवर एक जवान तापानं आजारी. त्याचं औषध माझ्या पाठीवरच्या पिट्टूत. ऊन चढलं की वाटेतल्या उतारावरचा बर्फ सैल होतो, म्हणून हातावर वेळ लिहिली: ११००.

बर्फ गुडघाभर. चाल मंदावली. १०५८ ला पोस्टचा धूर दिसला. मधे फक्त तो उतार, दोनशे मीटर.

"चला पुढं," हवालदार म्हणाले.

मी लान्स नायक, हुद्द्यानं त्यांच्या खालचा. "उस्ताद, अकरा वाजत आले."

"दिसतंय मला. दोनशे मीटर हाय. पोरगं तापानं फणफणलंय तिथं."

"हातावर काय लिवलंय?"

"मला शिकवतोस व्हय रं, ग्रॅज्युएट?"

"तुम्हीच शिकवलंय न्हवं!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हवालदारांनी हातमोजा काढला, तळहात बघितला, एक शिवी हासडली आणि रेडिओ उचलला.

"अल्फा टू बेस. टर्निंग बॅक. ओव्हर."

"बेस टू अल्फा. रीझन? ओव्हर."

"टाइम. आउट."

११०९ ला मागून आवाज झाला. वळून बघतो तर अख्खा उतार धडाडत खाली चाललेला! बर्फाची धूळ आमच्या तोंडावर आली. सहाही जण एकमेकांना धरून नुसते ओरडत होतो. हवालदारांनी पाठीत असा गुद्दा घातला की मी बर्फात उपडा पडलो. "लई शहाणा झालास रं!" दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाटेनं औषध पोचवलं. जवान बरा झाला.

आता बेळगावजवळ हिंडलग्याला राहतो. घरातही तीच रीत लावली. थोरलीचं बारावीनंतर काय, यावर महिनाभर चर्चाच चालू. मी म्हटलं, "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. तोवर जे कळेल त्यावर ठरव."

"आणि चुकलं तर, बाबा?"

"तर चुकलं हे तरी लवकर कळेल."

"घराची छावणी केलीत," बायको म्हणाली. पण सहाला पाच मिनिटं कमी असताना थोरली उठून उभी राहिली. "नर्सिंग!" टाळ्या बायकोनंच आधी वाजवल्या.

हवालदार चौगुले त्या उताराच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच वर्षी गेले. बर्फात अडकलेल्या दोघांना काढायला उतरले होते. ते दोघं वर आले, हवालदार आले नाहीत. त्या पेट्रोलमध्ये मी नव्हतो. दरवर्षी निपाणीला त्यांच्या घरी जातो, फोटोसमोर सॅल्यूट करतो.

त्या दिवशी उतारावरून माघारी फिरलेले आम्ही बाकीचे पाचही जण आज आपापल्या घरी आहोत.